टोंक रोडवर बंद पडणारी गाडी

नवरा वाळवंटात गेला त्याच्या नवव्या दिवशी मी घरमालकिणीला म्हटलं, "माँसा, तुमच्या गॅरेजची किल्ली द्याल का?"

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्हाला जयपूरला येऊन पाच महिने झाले होते. छावणीत क्वार्टर मिळायला वेळ लागणार होता, म्हणून दुर्गापुऱ्यात एका जुन्या कोठीच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. पुढे कृषी संशोधन केंद्राची शेतं, मागे रेल्वे स्टेशन. नवरा तोफखान्यात मेजर. त्या हिवाळ्यात मोठा सराव निघाला आणि पलटणीच्या पलटणी पश्चिमेकडे निघून गेल्या. आधी सगळे 'सराव आहे' असंच म्हणत होते. मग रजेवर गेलेल्यांना परत बोलावणं गेलं, रेडिओवरच्या बातम्यांचा सूर बदलला, आणि कँटीनच्या रांगेत बायका आवाज खाली करून बोलायला लागल्या. पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर.

मला एका जागी बसवत नव्हतं. स्वेटर विणायला घ्यायचे, चार ओळी झाल्या की उसवायचे. चहा ठेवायचे आणि गेटपाशी जाऊन पोस्टमन दिसतोय का बघायचे. परत येईपर्यंत पातेल्याचा तळ करपलेला असायचा. मूल अजून नव्हतं. शाळेत शिकवायचं तर बी.एड. नव्हतं. मला एकच काम नीट येत होतं, आणि ते फौजी अफसराच्या बायकोने करायचं नसतं, असं लग्न झाल्यापासून मी धरून चालले होते.

वडिलांचं कोल्हापुरात गॅरेज होतं. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. थोरल्या दोघींना ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही, मला आवडायचा. शाळा सुटली की दप्तर टेबलाखाली टाकून मी वडिलांच्या बाजूला बॉनेटमध्ये डोकं घालायचे. अकरावीत असताना एका डॉक्टरांच्या गाडीचं पूर्ण इंजिन मी एकटीने खोललं आणि बसवलं. पुढे लग्न ठरलं तेव्हा आईने माझी नखं ब्रशने घासून घासून लाल केली होती.

तर किल्ली. घरमालकीण ठाकूर घराण्यातल्या, साठीच्या, विधवा. कोठीत एकट्या राहायच्या. त्यांना सगळे माँसा म्हणत. पहिले काही दिवस मला हा शब्द उच्चारताना हटकून मासा आठवायचा आणि हसू यायचं. त्या मला बीनणी म्हणत, म्हणजे सूनबाई. गॅरेजच्या फळ्यांमधल्या फटीतून एक गोल दिवा आणि तारांचं एक चाक मी येता-जाता पाहिलं होतं.

"किल्ली कशाला?" त्यांनी विचारलं.

"गाडी बघायची आहे."

"बघण्यासारखं काही नाही तिच्यात. नऊ वर्षं झाली बंद आहे. ठाकुरसाब जायच्या आधीपासून."

पण किल्ली दिली. कुलूप गंजलेलं होतं, तेल सोडून अर्धा तास थांबावं लागलं. आत धुळीखाली एक हिरवी, बुटकी, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी उभी होती. पन्नासच्या दशकातली. वर कापडी टप, तोही उंदरांनी कुरतडलेला. बॉनेट उघडलं तर दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी, पितळेच्या टोप्या घातलेले. मी तिथेच उकिडवी बसले. कितीतरी दिवसांनी माझे हात मला न विचारता कामाला लागले होते.

"चालेल का?" माँसांनी दारातून विचारलं.

"बघते."

"चालली तर मला एकदा टोंक रोडने चाकसूपर्यंत घेऊन जा. माझं माहेर आहे तिकडं."

एकटीने होणारं काम नव्हतं. माँसांनी निरोप पाठवून ठाकुरसाबांच्या वेळचे मिस्त्री बोलावून घेतले. साठी उलटलेले, पांढरी दाढी, डोक्यावर लोकरीची टोपी, सायकलच्या मागे पत्र्याची हत्यारपेटी. एका ठिकाण्याच्या, म्हणजे जहागिरीच्या, मोटारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. मी सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना स्वेटर घालून गाडीखालून बाहेर आले, तेव्हा ते माझ्याकडे न बघता माँसांना म्हणाले, "हुकुम, मेमसाब को कहिए कपड़े ख़राब हो जाएँगे."

"झालेच आहेत," मी म्हटलं. "चाचा, चौदाचा पाना द्या."

"इस गाड़ी में चौदह का कुछ नहीं लगता," ते म्हणाले. खरंच होतं. जुन्या विलायती गाडीचे नट इंचाच्या मापाचे. पहिल्याच वाक्यात मी पडले होते. त्यांनी पेटीतून बरोबर पाना काढला आणि माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला. आमची सुरुवात अशी झाली.

सडलेलं पेट्रोल काढून टाकलं. टाकी उतरवली, आत साखळी घालून हलवून हलवून गंज पाडला. प्लग घासले, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बदलले. पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा होता. चावी फिरवली की टक टक टक करून कार्बोरेटर भरायचा आणि थांबायचा. मिस्त्रींनी रबराच्या नळीचं एक टोक कानात धरलं, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्हीकडचा हवेचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहिले. मग नळी त्यांनी माझ्याकडे केली. मी ऐकलं. "मागचा थोडा जास्त ओढतोय," म्हटलं. त्यांनी परत ऐकलं आणि पाव वळसा फिरवला. दुसऱ्या दिवसापासून पाने जमिनीवर ठेवणं बंद झालं.

आठव्या दिवशी गाडी सुरू झाली. माँसा कोठीतून धावत आल्या आणि गॅरेजच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी गाडी बाहेर काढली, मिस्त्री शेजारी बसले, आणि आम्ही टोंक रोडला लागून सांगानेरकडे निघालो. विमानतळाचं वळण गेलं आणि इंजिनने दोन आचके दिले. तिसऱ्या आचक्याला बंद. पंपाची टकटकही बंद. सेल्फ मारून बॅटरी उतरायला आली. दहा-बारा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, मग काही न करता गाडी सुरू झाली. घरी येताना पुन्हा तेच.

"कार्बोरेटर में कचरा है," मिस्त्री म्हणाले. साफ केला. पुन्हा पंधरा मिनिटांनी बंद. "कंडेन्सर गरम होतोय," मी म्हटलं. बदलला. पुन्हा बंद. "पंप." मिस्त्रींनी कुठूनतरी दुसरा पंप आणला. पुन्हा बंद. आणि एक गोष्ट तर अजिबात डोक्यात शिरत नव्हती: टाकी भरली की गाडी लवकर बंद पडायची, रिकामी होत आली की जास्त वेळ चालायची. मिस्त्री म्हणाले, "ही गाडी पेट्रोल पिऊन सुस्त होते."

मी मात्र सुस्त नव्हते. सकाळी उठले की आधी गेट, मग गाडी. जी पंधरा मिनिटं ती चालायची, तेवढी मी तिला पळवायचे. गोपालपुऱ्याचा बायपास तेव्हा ओसाड होता, दोन्हीकडे बाभळी. वारा कानात भरला की रेडिओवरच्या बातम्या डोक्यातून निघून जायच्या. गाडी बंद पडली की त्या परत यायच्या. मी रस्त्याच्या कडेला बॉनेटवर बोटं वाजवत उभी राहायचे, आणि ती दहा मिनिटं मला खायला उठायची.

गाडीत आणखी एक खोट होती आणि ती मला कळत होती. सरळ रस्त्यावर ती सरळ चालत नव्हती. स्टेअरिंग बोटभर फिरवलं तरी चाकांना पत्ता लागायचा नाही, आणि मग एकदम गाडी बाजूला सरकायची. ब्रेक लावला की डावीकडे ओढायची. खड्ड्यातून गेली की बोटीसारखी तीन-चार वेळा डोलायची. मी मिस्त्रींना म्हटलं होतं. ते म्हणाले, "आधी चालू तर राहू दे, मग सरळ चालवू." मला ते पटलं, कारण मलाही आधी इंजिनच हवं होतं.

त्या दिवशी शेवटचं पत्र येऊन अठरा दिवस झाले होते. सकाळी कँटीनला गेले तर रांगेत पुढच्या बाईने मागे वळून विचारलं, "तुमच्याकडे काही कळलं?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तिने माझ्याकडे पाहिलं, "काही नाही," म्हणाली आणि पुढे वळली. मी रांग सोडली. घरी आले, गाडी काढली, मिस्त्री यायची वाट पाहिली नाही. जगतपुऱ्याकडे तेव्हा नुसती खेडी होती, अरुंद डांबरी रस्ता आणि दोन्हीकडे फुललेली मोहरी. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि दाबूनच ठेवला. काटा मैलांत होता, पन्नाशीच्या पुढे गेला.

रस्त्याला एक खोलगट जागा होती. गाडी तिच्यातून उसळली, खाली बसली, पुन्हा उसळली आणि उजवीकडे सरकायला लागली. मी डावीकडे स्टेअरिंग मारलं, काही झालं नाही; आणखी मारलं, तर भलतंच झालं. समोर उंटगाडी. मी ब्रेकवर उभी राहिले. गाडीने डावीकडे अशी झेप घेतली की बांध ओलांडून आम्ही मोहरीत. इंजिन बंद झालं. हनुवटी स्टेअरिंगवर आपटून फुटली होती. माझ्या मांडीवर पिवळी फुलं पडली होती आणि त्यांच्यावर रक्ताचे थेंब पडत होते.

उंटगाडीवाला उतरून आला. पन्नाशीचा माणूस, लाल फेटा. त्याने आधी मला पाणी दिलं, मग गाडीभोवती एक फेरी मारली. उंट सोडून आणला, दोर बांधला, आणि उंटाने गाडी बांधावरून मागे ओढून रस्त्यावर काढली. दोर सोडताना त्याने साध्या आवाजात विचारलं, "कठै जाणो हो, इत्ती उतावळ में?" कुठं जायचं होतं एवढ्या घाईने?

मी सांगायला तोंड उघडलं. कुठेच जायचं नव्हतं. मी रडायला लागले. तो बिचारा घाबरला. शेत त्याच्या चुलतभावाचं होतं. "मोहरी उभी राहील परत, रडू नका," असं समजावत राहिला.

माँसांनी हनुवटीवर हळद दाबली. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "गाडीचं जाऊ दे. मेजरसाब परत आले आणि तू नसलीस तर मी त्यांना काय सांगायचं होतं?"

त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने वेताचा मुढा घेऊन बाहेर आल्या. गॅरेजसमोर मुढा ठेवून बसल्या. मिस्त्री एव्हाना आले होते, पुढच्या दोन चाकांना जोडणारा, वाकलेला टाय रॉड बघत होते. माँसा त्यांना म्हणाल्या, "गाडी सरळ चालेपर्यंत इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. मी इथे बसले आहे."

मिस्त्री इंजिनातले माणूस होते. चाकं, पाटे, स्टेअरिंग ही त्यांना हलकी कामं वाटायची. इथे माझे वडील उपयोगी पडले. त्यांचा नेम होता: गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. आमची पुढून चार वेळा हलली. शॉकअप त्या काळचे, एका दांडीने हलणारे, आत तेल भरायचे. उघडले तर कोरडे. नवीन मिळणार नव्हते. वॉशर चामड्याचे कापून घेतले, तेल भरलं. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनमध्ये ग्रीस इतकं वाळलं होतं की ते दाभणाने कोरून काढावं लागलं. डावीकडे ओढायचं कारण उजव्या चाकात सापडलं: तिथला ब्रेकचा सिलिंडर अडकलेला, म्हणून ब्रेक एकट्या डाव्या चाकालाच लागायचा. टायर पुढे एका जातीचे, मागे दुसऱ्या. मिस्त्रींनी चारही एका जातीचे मिळवले, कसे ते मी विचारलं नाही.

राहिली चाकांची दिशा. संक्रांत होऊन तीन आठवडे झाले होते आणि जयपुरात संक्रांतीला पतंगांचा जो कहर असतो त्याचे अवशेष बागेत अजून लोंबकळत होते. मांज्याने बोटं कापतात, म्हणून मी साधा, बिनकाचेचा दोरा शोधला. गाडी फरशीवर घेतली, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणला, विटांना बांधला, आणि पुढच्या चाकाची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून किती लांब आहेत ते पट्टीने मोजलं. दोन्ही चाकं बाहेर तोंड करून चालली होती, बदकासारखी. सरळ केलेला टाय रॉड अर्धा वळसा फिरवायचा, गाडी पुढे-मागे ढकलायची, पुन्हा दोरा, पुन्हा पट्टी. तीन दिवस हेच चाललं. माँसा मुढ्यावर बसून आकडे लिहून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "बीनणी, काल उजवीकडचा आकडा दोन सूत कमी होता. तू मोजताना वाकतेस नीट का?" मी परत मोजलं. माझीच चूक होती.

या कामात घाई चालत नव्हती. पाव वळसा जास्त झाला की सगळं पहिल्यापासून. मला वाटायचं पाना फेकून द्यावा. फेकला नाही, एवढंच. त्या दिवसांत पत्र आलं, दोन एकदम. त्यात लिहिलं होतं की थंडी फार आहे, मोजे पाठव, बाकी ठीक. मी दोन्ही पत्रं उभ्या उभ्या वाचली आणि पुन्हा गाडीखाली गेले.

बायपासवर गाडी नेली तेव्हा मिस्त्री शेजारी होते. चाळीस मैलांना मी हात सैल सोडले. गाडी रस्त्याच्या मधोमध चालत राहिली. ब्रेक लावला, सरळ थांबली. वळणावर आत खेचायची ती आता मी सांगेन तेवढीच वळत होती. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मेमसाब, ठाकुरसाबकडे नवीन आली तेव्हा ही गाडी अशी चालायची." आणि ते वाक्य संपतं न संपतं तोच आचका, दुसरा आचका, बंद.

बॉनेट उघडायलाही कुणी उठलं नाही. पेट्रोलचा काटा आधीपासून मेलेला होता. टाकीत किती आहे ते काठी घालून बघावं लागायचं. नुसतं बसवेना म्हणून मी मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने श्वास घेतला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. सुस्स करून लांब, आत जाणारा आवाज आला, आणि त्याच क्षणी पुढे पंप टक टक टक करायला लागला.

"चाचा, सेल्फ मारा," मी ओरडले.

गाडी लगेच सुरू झाली. दहा मिनिटं थांबावंच लागलं नाही.

झाकण हातात घेऊन मी उलटं केलं. प्रत्येक टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत जायला. या झाकणाच्या आतून सायकलच्या ट्यूबची एक गोल चकती चिकटवलेली होती. अगदी नीट कापलेली, कडा घासलेल्या, कुणीतरी वेळ घेऊन केलेलं काम. हवा जात नव्हती, म्हणून टाकीत पोकळी व्हायची आणि पंपाला पेट्रोल ओढता यायचं नाही. थोडं थांबलं की कडेकडेने हवा झिरपायची. टाकी भरलेली असली की वर हवा कमी, म्हणून लवकर बंद. सगळं एका चकतीवर येऊन थांबलं. टाकी आम्ही उतरवली होती, धुतली होती, रंगवली होती. झाकण मात्र दर वेळी बाजूला काढून ठेवलं होतं.

मिस्त्रींचा चेहरा पडला. "तीस साल," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर मी ती चकती माँसांना दाखवली. मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी ती तळहातावर घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही त्यांनी कापली," त्या म्हणाल्या. "त्या ओट्यावर बसून. माझ्या शिवणाच्या कात्रीने."

"ठाकुरसाबनी? कशाला?"

"मला पेट्रोलचा वास सहन व्हायचा नाही. गाडीत बसले की डोकं चढायचं. मी म्हटलं, तुमच्या गाडीत मी बसणार नाही. तर म्हणाले, वासाचा बंदोबस्त करतो, मग तर येशील." त्यांनी चकती उलटी केली. "त्यानंतर आम्ही चाकसूला निघालो आणि सांगानेरच्या पुढे गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली, लोक बघत होते. तेव्हापासून त्यांनी गाडी गॅरेजात घातली."

मिस्त्री पाठ करून हत्यारं पुसत होते.

"त्याआधी ते एकटे जायचे तेव्हा ही गाडी कधी बंद पडली नव्हती," माँसा म्हणाल्या. "मी बसायला लागले आणि बंद पडायला लागली. मला वाटायचं, मला न्यायचं नाही म्हणून ते काहीतरी करतात. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, नाही. मी मानलं नाही. आमच्यात त्यावरून फार दिवस बोलणं नव्हतं."

मी म्हटलं, "माँसा, त्यांना माहीतच नव्हतं."

"हो. आता कळलं मला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी त्या केशरी लहरियाची, नागमोडी पट्ट्यांची ओढणी डोक्यावर घेऊन गॅरेजसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी झाकणाचं भोक तारेने साफ केलं होतं. पेट्रोलचा वास येत होता. त्यांनी रुमालात दोन लवंगा बांधून घेतल्या होत्या, त्या नाकाशी धरल्या आणि शेजारी बसल्या. सांगानेर गेलं. त्यांनी दाराची कड घट्ट धरली होती; मीही पंपाकडे कान लावून बसले होते. शिवदासपुरा गेलं. मग त्यांनी हळूच हात सोडला. चाकसूच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "जरा जोरात चालव. इतकी सावकाश कशाला?"

माहेरी भावजयीने दारातच विचारलं, "कशाने आलात?" माँसा म्हणाल्या, "ठाकुरसाबच्या गाडीने." आणि चहा होईपर्यंत त्या सारख्या दाराशी जाऊन गाडीकडे बघून येत होत्या.

होळीनंतर काही दिवसांनी सैन्य परतायला लागलं. युद्ध झालं नाही. नवरा एका दुपारी न कळवता आला, काळा पडलेला, वाळलेला. माझ्या हनुवटीवरच्या खुणेला बोट लावून म्हणाला, "हे काय?"

"पडले," मी म्हटलं. मग म्हटलं, "पडले नाही. तुम्हाला दाखवते चला."

मी त्याला गाडीत बसवून बायपासला नेलं आणि सगळं सांगितलं, मोहरीपासून चकतीपर्यंत. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे सारखे रस्त्याच्या कडेला जात होते, बाभळींच्या आड. तीन महिने सुरुंगांच्या नकाशांवर काढले होते त्याने. थोड्या वेळाने म्हणाला, "मलाही बसवत नाही गं एका जागी. काय करू कळत नाही." आम्ही दोघं तशा अवस्थेत एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होतो. दुसऱ्या दिवशी त्याला एक जुना शर्ट दिला आणि मागच्या पाट्यांचे बुश काढायला बसवलं. त्याला ते जमलं नाही, हातोडी बोटावर मारून घेतली. पण आठवडाभर तो रोज येऊन बसला.

पुढच्या वर्षी आमची अंबाल्याला बदली झाली. तोवर माँसांनी एक नवीनच हट्ट धरला होता: त्यांना गाडी शिकायची होती. मी आणि मिस्त्रींनी मिळून शिकवली. त्या पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जायला तयार नसत, म्हणत, "हिला घाई नाही, मला नाही, तुम्हालाच का?" शेवटी दुसऱ्यावर गेल्या. निघायच्या आठवड्यात त्या एकट्या सांगानेरपर्यंत जाऊन आल्या, आणि परत आल्यावर चावी माझ्या हातात द्यायला विसरल्या. मीही मागितली नाही.

अंबाल्याला पोहोचल्यावर सामान लावायच्या आधी मी बाजारात गेले आणि एका गॅरेजवाल्या सरदारजींना विचारलं, जुन्या गाड्यांचं काम असेल तर मला बोलावता का. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "साब को पता है?" मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलं, विचारून ये." ते खोटं होतं, विचारून ये असं नवऱ्याने म्हटलं नव्हतं. त्याने फक्त, मी निघताना, जयपुरात जमवलेली माझी हत्यारपेटी दारापर्यंत आणून ठेवली होती.